मॅडम, गोचिडीचं डोकं आतच राहिलं!

या अंकासाठी आलेले प्रश्न वाचताना लक्षात आलं की बहुतेकांचं दुखणं एकच आहे, गोचीड. कुणाच्या कुत्र्याला, कुणाला स्वतःला, तर कुणाच्या घरभर. म्हणून बाकीचे विषय बाजूला ठेवून या वेळी फक्त गोचिडींचेच प्रश्न घेतेय. मी जनावरांची डॉक्टर आहे, त्यामुळे माणसांच्या बाबतीत प्रथमोपचार काय आणि डॉक्टरकडे कधी धावायचं एवढंच मी सांगेन, औषधगोळ्या तुमचे डॉक्टरच देतील.

प्रश्न : आमच्या लॅब्रॅडॉरच्या कानामागे चांगली टम्म फुगलेली गोचीड दिसली, मी बोटांनीच ओढली तर ती मधेच तुटली आणि काळा ठिपका आत राहिला. सुईने उकरून बघितलं पण तो कळवळला म्हणून सोडून दिलं. मॅडम, ते डोकं आत जिवंत राहतं का? परत वाढतं का? काल रात्रभर झोप नाही मला.

आधी ही काळजी सोडा. आत राहिलंय ते गोचिडीचं अख्खं डोकं नाही, तिच्या तोंडाची सोंड आहे, तीही मेलेली. ती वाढत नाही, हलत नाही, रक्त पीत नाही. आपल्या पायात बारीक काटा मोडतो तसंच समजा, शरीर काही दिवसांत तो तुकडा स्वतःच बाहेर ढकलतं किंवा तिथल्या तिथे जिरवतं. तिथे छोटी कडक गाठ येईल, ती दोन-तीन आठवडे हाताला लागेल, घाबरू नका. सुई मात्र आता पूर्ण बंद. उकरून उकरून जी जखम होते आणि तिच्यात जो पू होतो तो त्या तुकड्यापेक्षा कितीतरी जास्त त्रास देतो. चिमट्याने टोक सहज धरता आलं तर काढा, नाही आलं तर साबण-पाण्याने धुवून टाका आणि सोडून द्या. लाली पसरत गेली, पाणी सुटायला लागलं किंवा तो सारखा पायाने तिथेच खाजवतोय असं दिसलं तर दाखवून घ्या.

आता ती तुटली का ते सांगते, कारण पुढच्या वेळी तुटू नये ना. गोचिडीच्या तोंडाला एक सोंड असते आणि तिच्यावर मागच्या बाजूला वळलेले बारीक बारीक काटे असतात, माशाच्या गळासारखे, म्हणजे आत जाताना सुळकन जातात आणि बाहेर येताना अडकतात. वरून बऱ्याच जातीच्या गोचिडी लाळेतून सिमेंटसारखा पदार्थ सोडून स्वतःला कातडीला चिकटवून घेतात. त्याच लाळेत जागा बधिर करणारी आणि रक्त गोठू न देणारी द्रव्यं असतात, म्हणून कुत्र्याला कळतही नाही की आपल्याला काही चावलंय. तुम्ही बोटांनी धरता तेव्हा हातात येतं ते तिचं फुगलेलं पोट, ते दाबलं जातं, आतला सगळा ऐवज उलटा जखमेत जाऊ शकतो, आणि सोंड जागेवरच राहून पोट तुटून हातात येतं.

बरोबर पद्धत अशी. बारीक टोकाचा चिमटा घ्या, भुवया कोरायचा रुंद चपट्या टोकाचा प्लकर नको, टोक निमुळतं हवं. हातात मोजे घाला, नसतील तर टिश्यू पेपर धरा. कुणाला तरी कुत्र्याला धरून गप्पा मारायला, खाऊ द्यायला बसवा आणि तुम्ही केस दोन्ही बाजूला सारून कातडी नीट मोकळी करा. उजेड भरपूर हवा, मोबाईलचा टॉर्च चालेल. मग चिमटा कातडीला अगदी टेकवून, म्हणजे जिथे गोचीड आणि कातडी एकमेकांना भेटतात तिथे, पकडा आणि सरळ वर ओढत राहा. झटका नको, पिळ नको, एकसारखा हळू ताण. कातडी तंबूसारखी वर उचलली जाईल, तिथेच थांबून ताण तसाच ठेवा, काही सेकंदांत पकड सुटते. निघाल्यावर बघा, पुष्कळदा सोंडेच्या टोकाला कातडीचा पांढुरका बारीक कण चिकटून आलेला दिसतो, तो दिसला तर काम फत्ते. गोचीड काढायचा खाचेचा हुक मिळतो, तो असेल तर त्याची पद्धत थोडी वेगळी आहे, खाच कातडीला लावून गोचिडीखाली सरकवायची आणि हुक एकाच दिशेने हळूहळू फिरवायचा. पिळायचं फक्त हुकने, चिमट्याने नाही, या दोघांत लोक गल्लत करतात.

काढल्यावर जखम स्पिरिटने किंवा साबणाने पुसा, हात धुवा. गोचीड नखाखाली चिरडायची मोठी हौस असते लोकांना, कृपा करून ती सोडा. क्रिमियन-काँगो तापासारखे विषाणू उघड्या हाताने गोचीड चिरडल्यामुळेसुद्धा माणसाला लागू शकतात. झाकणाच्या छोट्या बाटलीत स्पिरिट घालून तिच्यात टाका किंवा सेलोटेपच्या दोन पट्ट्यांमध्ये चिकटवून बंद करा. नुसत्या साध्या पाण्यात ती तासन्‌तास मरत नाही.

आणि हो, एक फुगलेली करडी गोचीड निघाली की तिच्या अगदी शेजारी बघायला विसरू नका, तिथे बऱ्याचदा एक छोटी चपटी लालसर-तपकिरी गोचीड बसलेली असते. तो नर. तो फुगत नाही म्हणून नजरेतून सुटतो.

प्रश्न : आमच्याकडे सगळे सांगतात की गोचिडीवर व्हॅसलीन नाहीतर नेलपॉलिश लावा, श्वास कोंडला की ती आपोआप सोडते. शेजारचे काका तर विझवलेली काडी टेकवतात. कोण म्हणतं रॉकेल लावा. यातलं नक्की काय करायचं?

काहीही नाही. यातलं एकही नाही.

ही नुसती माझी समजूत नाही, हे तपासून झालंय. 1985 साली अमेरिकेत ग्लेन नीडहॅम यांनी चिकटलेल्या गोचिडींवर व्हॅसलीनसारखी पेट्रोलियम जेली, नेलपॉलिश, स्पिरिट आणि गरम काडी असे घरगुती उपाय एकेक करून बघितले आणि एकाही उपायाने गोचिडीने पकड सोडली नाही. कारण साधं आहे, गोचीड तासाला अगदी मोजक्या वेळा श्वास घेते, तिला कोंडायला तुम्हाला फार वेळ वाट बघावी लागेल, आणि तेवढा सगळा वेळ ती रक्त पीत आणि लाळ सोडत बसणार. रोगाचे जंतू त्या लाळेतूनच येतात, म्हणजे आपण उपाय करतोय असं वाटत असताना जंतूंना आपण वेळ देत असतो. शिवाय चटका बसलेली किंवा औषधाने चिडलेली गोचीड आतला द्रव जखमेत ओकू शकते. काडीने कुत्र्याचे केस आणि कातडी भाजते ते वेगळंच, आणि रॉकेल लावलं तर कुत्रं ते चाटणार, उलट्या होणार, फुप्फुसात गेलं तर जीवावर बेतणार. रॉकेल, पेट्रोल, फिनेल हे कुठल्याही प्राण्याच्या अंगाला लावायचंच नाही, एक थेंबही नाही.

चिमटा हाताशी नसेल तर? तर चिमटा आणायला उद्या सकाळची वाट बघू नका. दोरा घ्या, कातडीला टेकवून गोचिडीच्या तोंडाभोवती फास टाका आणि हळू सरळ वर ओढा. तेही जमत नसेल तर टिश्यू घेऊन नखांच्या टोकांनी कातडीजवळ धरून काढा. अगदी आदर्श नाही, पण थांबण्यापेक्षा बरं. एखाद्या वेळी सोंड आत राहील, राहू दे, अख्खी गोचीड रात्रभर चिकटलेली राहण्यापेक्षा तेही परवडलं.

प्रश्न : मागच्या रविवारी जंगलातल्या ट्रेकहून आल्यावर मांडीवर बारीक तिळासारखं काहीतरी दिसलं, नीट बघितलं तर पाय हलत होते! काढलं मी चिमट्याने. आता काही त्रास नाही, पण नेटवर वाचून घाबरलोय. रक्त तपासून घेऊ का? अँटिबायोटिक घेऊन टाकू का आधीच?

काढलीत ते उत्तम केलंत. तिळाएवढी म्हणताय म्हणजे ती पिल्लावस्थेतली गोचीड असणार, आणि माणसाला रोग द्यायच्या कामात हीच पिल्लं जास्त पटाईत, कारण ती दिसतच नाहीत.

आज रक्त तपासून काही उपयोग नाही. शरीराने जंतूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायला काही आठवडे जातात, त्यामुळे लगेच केलेली टेस्ट निगेटिव्ह येईल आणि तुम्ही उगाच निर्धास्त व्हाल. त्यापेक्षा आज हे करा, चावलेल्या जागेचा फोटो काढा, तारीख लिहून ठेवा, शक्य असेल तर गोचीडही बंद डबीत ठेवा, म्हणजे पुढे गरज पडली तर जात ओळखता येते. मग पुढचा महिनाभर लक्ष ठेवा. ताप, थंडी, अंग मोडून येणं, जोराची डोकेदुखी, कातडीवर पुरळ, विशेषतः मनगटं आणि घोट्यांपासून सुरू झालेलं, किंवा चावल्याच्या जागी काळी खपली, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आणि गेल्यावर पहिलं वाक्य हे बोला की मला अमुक तारखेला अमुक ठिकाणी गोचीड चावली होती. डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, कारण नुसता ताप म्हटल्यावर कुणाच्याही डोक्यात आधी गोचीड येत नाही.

चावल्यावर दुसऱ्याच दिवशी दिसणारी छोटी लाल गांधी ही बहुतेक वेळा नुसती लाळेची खाज असते, दोन दिवसांत जाते. लाइम नावाचा गोचिडींतून येणारा एक रोग आहे, त्याची लाली वेगळी, ती 3 ते 30 दिवसांत कधीही उमटते, दिवसेंदिवस पसरत जाते, बहुतेक वेळा दुखत-खाजत नाही, आणि कधी कधी मधे फिकट होऊन कडेला वलय दिसतं, पण वलय दिसलंच पाहिजे असं नाही. या रोगाला नाव मिळालं ते अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या लाइम गावावरून, 1970च्या दशकात तिथल्या बऱ्याच मुलांचे सांधे एकदम सुजायला लागले होते.

कुठे फिरलात हे सांगणं एवढं महत्त्वाचं का, तर प्रत्येक भागातल्या गोचिडी वेगळ्या आणि त्यांचे रोगही वेगळे. युरोप-अमेरिकेच्या जंगलपट्ट्यात लाइम, तर कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात 1957 साली माकडं मरायला लागली आणि मागोमाग माणसं तापाने आजारी पडली, तो क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, तोही गोचिडींच्या पिल्लांमुळेच पसरतो आणि तो विषाणू आहे म्हणजे त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. म्हणून आधीच गोळी घेऊन टाकू का याचं उत्तर, स्वतःच्या मनाने नको. काही भागांत, काही जातींची गोचीड बराच वेळ चिकटून राहिली असेल तर डॉक्टर 72 तासांच्या आत डॉक्सीसायक्लिनचा एक डोस देतात, पण तो निर्णय त्यांचा.

वेळेचं गणितही सांगते. लाइमच्या जंतूला गोचिडीतून माणसात यायला सहसा 24 तासांपेक्षा जास्त लागतात. पण सगळेच जंतू इतके सावकाश नसतात, काही विषाणू फार लवकर येतात. म्हणून फिरून आल्यावर दोन तासांच्या आत अंघोळ करायची आणि सगळं अंग हाताने चाचपायचं, काखा, जांघा, बेंबी, गुडघ्यामागची लवण, कंबरपट्ट्याची जागा, कानामागे आणि केसांत. कपडे ड्रायरमध्ये कडक गरम हवेवर फिरवले तर चिकटलेल्या गोचिडी वाळून मरतात, नुसत्या गार पाण्याच्या धुण्याने मरत नाहीत.

प्रश्न : डॉक्टर काकू, माझ्या कुत्र्याच्या पोटावर गोचीड आहे ती निघतच नाहीये. मी खूप ओढली. तो मुलगा आहे (मेल). तो आता मला पोटाला हात लावू देत नाही.

बाळा, थांब, ओढू नकोस! पोटावर दोन रांगांत तशाच आणखी गाठी आहेत का बघ. असतील तर ती गोचीड नाही, त्याचं स्तनाग्र आहे. मेल कुत्र्यांनाही असतात ती, आणि बाजूला मळ जमला की काळपट दिसतात. चामखीळ पण लोक अशीच ओढतात.

ओळखायचं सोपं आहे, भिंग घे किंवा मोबाईलचा कॅमेरा झूम कर आणि कातडीजवळ पाय दिसतात का बघ. गोचिडीला आठ पाय असतात, अगदी बारीक पिल्लाला सहा. पाय नसतील तर ती गोचीड नाही. आता दोन दिवस त्या जागेला हात लावू नकोस, गार पाण्याचा ओला कपडा हळूच ठेव, सूज किंवा रक्त असेल तर आईबाबांना सांगून डॉक्टरकडे ने. तुझ्यावर रागावला नाहीये तो, दुखतंय त्याला, पोट सोडून बाकी सगळीकडे कुरवाळ.

प्रश्न : मॅडम, रोज दहा काढल्या तरी दुसऱ्या दिवशी तेवढ्याच! भिंतीवर चढताना दिसतात, पडद्यांवर, पलंगाच्या फटीत. आमचा कुत्रा तर घराबाहेर फार जातही नाही. घरात लहान मूल आहे, घरचे म्हणतात कुत्रा सोडून या कुठेतरी. मला रडू येतंय.

तुमचा कुत्रा कुठेही जाणार नाहीये, आणि त्याला कुठे सोडून आलात म्हणून गोचिडी जाणारही नाहीत, उलट कुत्रा नसला तर त्या भुकेल्या गोचिडी माणसांकडे वळायची शक्यता वाढते, हे घरच्यांना नीट समजावून सांगा.

तुमच्या घरात आहे ती कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड. बाकीच्या बहुतेक गोचिडींना गवत, झाडोरा, ओल लागते, हिला काही लागत नाही, ही सगळा जन्म घरात काढू शकते. अंड्यातून पिल्लू निघतं, कुत्र्यावर चढतं, रक्त पिऊन खाली उतरतं, फटीत बसून कात टाकतं, परत चढतं, परत उतरतं, परत कात टाकतं, मोठी झाली की तिसऱ्यांदा चढते, आठवडाभर पिऊन टम्म होते आणि उतरून भिंतीवर वर वर चढत जाते, फट सापडली की तिथे हजारो अंडी घालते, चार हजारांपर्यंत सहज, आणि मग मरते. म्हणजे तिचं बहुतेक आयुष्य कुत्र्याबाहेर जातं. तुम्हाला अंगावर दहा दिसत असतील तर बाकीचं सगळं कुटुंब फटींत आहे. तुम्ही रोज काढताय त्यात काही चूक नाही, ते चालूच ठेवा, पण नुसत्या काढण्याने हे संपणार नाही.

तिन्ही आघाड्या एकाच वेळी उघडाव्या लागतील. पहिली, कुत्र्याला डॉक्टरांकडून वजनानुसार चांगलं औषध, आणि घरात दोन कुत्रे असतील तर दोघांनाही एकाच दिवशी. औषध घेतलेला कुत्रा घरात फिरला की तोच सापळा होतो, फटीतून निघालेली प्रत्येक गोचीड त्याच्यावर चढते आणि मरते, म्हणून तर त्याला घालवू नका म्हणते. दुसरी, घर. व्हॅक्यूम क्लिनर फटींत, भिंत आणि जमीन मिळते त्या कडेला, सोफ्याच्या शिवणीत, पलंगाखाली, पडद्यांच्या दुमडींत, चौकटींच्या मागे, आणि वरच्या कोपऱ्यातसुद्धा, लोक खालीच झाडतात आणि अंडी असतात वर. व्हॅक्यूमची पिशवी लगेच बांधून बाहेर टाका नाहीतर तिथून परत निघतील. कुत्र्याचं अंथरूण कडक गरम पाण्यात धुवा, फार जुनं असेल तर सरळ टाकून द्या. फटी बुजवा. एवढा प्रादुर्भाव असेल तर पेस्ट कंट्रोल लागेलच, बोलावताना गोचिडींसाठी हवंय आणि घरात मूल आणि कुत्रा आहे असं आधी स्पष्ट सांगा, फवारणी पूर्ण वाळेपर्यंत दोघांनाही घराबाहेर ठेवा. तिसरी आघाडी म्हणजे चिकाटी. अंडी फुटायला दोन ते पाच आठवडे लागतात, आणि अंड्यांवर फवारणी फारशी चालत नाही, म्हणून एका फवारणीत भागत नाही. उपाशी मोठी गोचीड फटीत वर्षभर आणि त्याहून जास्तही तग धरते. महिन्याभरात दिसेनाशा झाल्या म्हणून औषध बंद करायचं आणि दोन महिन्यांनी परत माझ्याकडे यायचं, असं फार वेळा होतं. कमीत कमी चार-सहा महिने नेटाने करा.

बाळाचं म्हणाल तर ही गोचीड माणसाला शक्यतो चावत नाही, तिला कुत्रा आवडतो. पण चावतच नाही असं मात्र म्हणता येणार नाही, अ‍ॅरिझोनात आणि मेक्सिकोत हिच्यामुळेच रॉकी माउंटन स्पॉटेड फिव्हरच्या साथी आल्यात आणि त्यात लहान मुलं दगावलीयत. म्हणून बाळाचं अंग रोज संध्याकाळी बघायचं, केसांत आणि कानामागे खास, पाळणा भिंतीपासून लांब ठेवायचा, आणि कुत्र्याचं अंथरूण त्या खोलीत नको. हे सगळं केलंत तर कुत्रा आणि बाळ दोघंही तुमच्याकडेच राहतील.

प्रश्न : गोचिडींची चघळायची गोळी चांगली की मानेवर टाकायचं औषध की पट्टा? गोळीने फिट्स येतात असं ऐकलं. आणि आमच्याकडे मांजरही आहे.

मांजरापासून सुरू करते कारण तिथे जीव जातो. कुत्र्यांच्या बऱ्याच स्पॉट-ऑन, म्हणजे मानेवर टाकायच्या, औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, मांजराच्या यकृताला ते निचरून टाकता येत नाही, अंग थरथरतं, झटके येतात, मांजर मरतं. लहान कुत्र्याचा डोस मांजराला घातला म्हणून मेलेली मांजरं आम्ही डॉक्टर लोक बघतो आणि फार वाईट वाटतं, कारण घालणाऱ्याने प्रेमानेच घातलेलं असतं. कुत्र्याचं औषध मांजराला नाही म्हणजे नाही, अर्ध नाही, पाव नाही. आणि ही दोघं एकमेकांना चिकटून झोपत असतील तर कुत्र्यालाही परमेथ्रिनवालं नकोच, दुसरं मागा.

गोळ्यांमध्ये हल्ली फ्लुरालानेर, अफोक्सोलानेर, सारोलानेर ही नावं दिसतील, सगळी एकाच गटातली. पहिली साधारण तीन महिने चालते, बाकी दोन महिनाभर. फिट्सचं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, अमेरिकेच्या औषध खात्याने, म्हणजे एफडीएने, 2018 मध्ये या गटाबद्दल तशी सूचना काढली. बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही आणि मी स्वतः ही औषधं लिहून देते, पण ज्या कुत्र्याला आधी कधी फिट आलीय त्याच्या मालकांनी ते डॉक्टरला आवर्जून सांगायचं. गोळीचं अजून एक, गोचीड चावल्यावरच मरते, त्यामुळे गोळी दिल्यावरही अंगावर दिसणारच, एका दिवसात मरून पडतात. दिसल्या म्हणून औषध खोटं, असं समजून लगेच दुसरं औषध वर देऊ नका.

अमिट्राझचं द्रावण अंगाला लावायचं असेल तर बाटलीवर लिहिलंय त्याच प्रमाणात पातळ करा, वाळेपर्यंत चाटू देऊ नका, अगदी छोट्या पिल्लांना नको, घरात मांजर असेल तर नकोच. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कुणाच्याही सांगण्यावरून टोचून घेऊ नका, कॉली आणि त्या घराण्यातल्या बऱ्याच कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो, त्यांना ते मेंदूत चढतं. पट्टा चांगला असतो, फक्त मानेला नीट बसला पाहिजे, दोन बोटं जातील एवढाच सैल, नुसता केसांवर लोंबत राहिला तर काम करत नाही.

प्रश्न : मुलीच्या (वय 5) कानात गोचीड गेलीय असं वाटतंय, कान दुखतोय म्हणते, टॉर्चने काहीतरी काळं दिसतंय. इअरबडने काढू का?

नाही. इअरबड नाही, पिन नाही, चिमटाही नाही, पाणी-तेलही नाही. पडदा फार जवळ असतो आणि पोरगी हलणारच. आजच कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या, ते दुर्बिणीखाली बघून काढतात. पापणीवर चिकटली असेल तर असंच, डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी आमच्या इंडी कुत्रीच्या अंगावरच्या सगळ्या गोचिडी काढल्या, औषधही दिलं. आता चार दिवस झाले ती जेवत नाही, नुसती पडून असते. काल नाकातून थोडं रक्त आलं, मग थांबलं. उन्हामुळे असेल का?

हे पत्र वाचून मी तुम्हाला अंक निघायची वाट न बघता वेगळं कळवलंय, पण बाकीच्यांसाठी इथे छापतेय, कारण हे चित्र प्रत्येक कुत्रेवाल्याला ओळखता आलं पाहिजे.

ऊन नाही, गोचीडताप समजूनच चला. कुत्र्यांचा एर्लिकिया नावाचा जंतू पांढऱ्या पेशींत शिरतो, गोचीड चावल्यावर एक ते तीन आठवड्यांत आजार सुरू होतो, तोवर गोचीड कधीच निघून गेलेली असते म्हणून कुणाला संबंध लागत नाही. हा जंतू काही तासांतच अंगात येऊ शकतो, बबेसिया नावाचा दुसरा आहे त्याला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून तर रोजच्या रोज अंग बघा म्हणते, कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखाली, काखेत, शेपटीखाली. एर्लिकियात प्लेटलेट्स खाली जातात म्हणून नाकातून रक्त, हिरड्यांवर आणि पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके. बबेसियात तांबड्या पेशी फुटतात म्हणून हिरड्या पांढऱ्या फटक आणि लघवी चहासारखी गडद. घरी बघायची खूण सोपी, वरचा ओठ उचला, हिरडी गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. कुत्री निरोगी असतानाच एकदा हे करून बघून ठेवा म्हणजे फरक ओळखू येतो. ज्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघा.

डॉक्टर रक्त तपासतील, प्लेटलेट्स बघतील. एर्लिकिया निघाला तर डॉक्सीसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावं लागतं, आणि इथे लोक फसतात, दोन-तीन दिवसांत कुत्रं उठून जेवायला लागतं, शेपूट हलवतं, मग गोळ्या थांबवतात, आणि तो जंतू आत लपून राहतो, काही महिन्यांनी अस्थिमज्जेवर हल्ला करून येतो, तेव्हा वाचवणं कठीण होतं. कोर्स पूर्ण करा. गोळी जेवणाबरोबर द्या, वर थोडं पाणी पाजा, घशात अडकली तर आतून चरचरतं. बबेसिया असेल तर औषध निराळं, म्हणून मागच्या वेळची उरलेली गोळी देऊन बघू असं करू नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन ही माणसांची तापाची औषधं तर अजिबात नकोत, रक्तस्राव वाढतो आणि यकृतही बिघडतं.

घरातल्यांना तिच्यापासून लागेल का असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. कुत्रीच्या स्पर्शाने, चाटण्याने हे रोग लागत नाहीत, मधे गोचीड लागते. तिला जवळ घ्या, ती घाबरलेली असेल. मागचे पाय लटपटायला लागले, आवाज बदलला किंवा श्वास जड वाटला तर रात्र असली तरी निघा, कारण काही गोचिडींच्या लाळेत लकवा आणणारं विष असतं, ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरची गोचीड तर त्यासाठीच कुप्रसिद्ध आहे, आणि तशा वेळी गोचीड अजून कुठेतरी केसांत चिकटलेली असू शकते. जाताना गाडीतच तिचं सगळं अंग पुन्हा एकदा बोटांनी चाचपून बघा.